घोड्याचा ट्रेलर आणि माणसाची ट्रॉली

अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला निवृत्तीनंतरही विद्यार्थी सोडत नाहीत, आणि त्याबद्दल त्याने तक्रार करण्याचे कारण नाही. माझा एक जुना विद्यार्थी न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंटचा व्यवसाय करतो. मध्यंतरी तो भेटीस आला तेव्हा त्याच्या हाती एक वेगळेच काम होते. पुण्याजवळ घोडे बाळगणाऱ्या एका गृहस्थांना दोन घोडे वाहून नेणारा ट्रेलर युरोपातून मागवायचा होता. कागदपत्रांची माहिती सांगून झाल्यावर तो किंचित मिस्कीलपणे म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला चैनीच्या आयातीवर पुष्कळ ऐकवलेत. आता या घोड्याच्या गाडीबद्दल काय म्हणाल?"

मी त्याला तेव्हा लगेच उत्तर दिले नाही. ते येथे देत आहे, कारण या प्रश्नावर आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेक जण जे उत्तर चटकन देतील, ते मला अपुरे वाटते. आणि आपले विरोधक जे देतील, ते मला सर्वस्वी चूक वाटते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते नीट पाहू. मोटारीच्या मागे जोडण्याची ही दुहेरी आसांची बंद पेटी असते. रिकामी असताना तिचे वजन एक टनाच्या आसपास भरते. पाच-सहाशे किलोचे दोन घोडे आत उभे राहिले की ते दुपटीच्या पलीकडे जाते. तळाला घोड्याचा पाय घसरू नये म्हणून रबराची जाड चटई. दोन घोड्यांच्या मध्ये पडदी. छातीसमोर आणि मागच्या बाजूला गादी लावलेले आडवे दांडे, म्हणजे गाडी अचानक थांबली तर घोडा पुढे आदळू नये आणि मागे कोसळू नये. वर हवा खेळण्यासाठी झरोके. पुढची मोटार वेग कमी करू लागली की ट्रेलर आपल्याच भाराने पुढे रेटला जातो, आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक आपोआप लागतात. एवढे करूनही जोड निसटलाच, तर त्यासाठी एक पोलादी तार असते. ती ताणली जाऊन ब्रेक खेचते आणि सुटलेला ट्रेलर जागीच थांबतो. लांबच्या प्रवासात डोके सतत वर बांधून ठेवल्यास घोड्याच्या फुप्फुसांना सूज येते, हे पशुवैद्यांना ठाऊक आहे. म्हणून ठरावीक अंतराने थांबून त्याला मान खाली घालू देतात, पाणी दाखवतात.

आता हिच्या आयातीचा हिशेब. घोड्याच्या ट्रेलरमध्ये मुख्यतः पोकळी असते. जहाजाचे भाडे अशा वस्तूला वजनापेक्षा आकारमानावर पडते, म्हणजे सातासमुद्रांपलीकडून आपण पैसे मोजून हवा वाहून आणतो. चाळीस फुटी कंटेनरचे दार जेमतेम सव्वादोन मीटरहून थोडे अधिक रुंद. त्यात न मावणारा ट्रेलर उघड्या सांगाड्यावर किंवा मोटारी वाहणाऱ्या जहाजातून आणावा लागतो. भाडे आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर मूळ आयात-शुल्क, त्यावर अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंदणीची यातायात. आणि हा ट्रेलर रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशातून आला असेल, तर त्याचे बाजूचे दार आपल्याकडे भर रहदारीत उघडणार! ज्या देशातील कारागीर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या गावोगावी बांधतात, त्या देशाने अशी पेटी समुद्रापलीकडून आणावी, यात आर्थिक शहाणपण नाही, हे सांगण्यास पदव्युत्तर पदवी लागत नाही.

पण येथवरचे उत्तर सोपे आहे. आपला कार्यकर्ता येथेच थांबेल आणि म्हणेल, 'ही उधळपट्टी आहे, बंद करा.' थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने आपल्या १८९९ सालच्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा करताना शर्यतीच्या घोड्याचाही समाचार घेतला होता: त्याची उत्पादक उपयुक्तता नगण्य, त्याचा खरा उपयोग मालकाची ऐपत जगाला दाखवण्याचा. हे आजही खरे आहे. तरीही मला 'बंद करा' एवढ्यावर समाधान नाही. आपण १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली चार दशके परवान्यांचे राज्य चालवले. त्या काळात श्रीमंतांची चैन थांबली का? ती परवान्याच्या खिडकीमागे गेली एवढेच. पुढे २००० आणि २००१ या दोन वर्षांत मिळून चौदाशेहून अधिक वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध उठवले गेले आणि ती खिडकी बंद होऊन सताड दरवाजा उघडला. चैनीच्या आयातीवर जबर कर असावा, हे माझे मत कायम आहे. परंतु कर बसवणे म्हणजे समाजवाद नव्हे. तो कर भरून जो ट्रेलर न्हावा शेव्याहून बाहेर पडेल, त्याने आपल्यासमोर एक निराळाच प्रश्न उभा केला आहे, आणि घोडे पेंड खाते ते तेथे.

तो प्रश्न मला आयात-शुल्काच्या तक्त्यातच सापडला. या तक्त्यात ८७१६ हे एक शीर्षक आहे. ट्रेलर, अर्ध-ट्रेलर आणि स्वतःच्या इंजिनावर न चालणारी इतर वाहने असा त्याचा आशय. घोड्याचा ट्रेलर याच शीर्षकाखाली येतो. शेतमालाचा ट्रेलरही याच शीर्षकाखाली येतो, हातगाडी याच शीर्षकाखाली येते आणि बैलगाडीही याच शीर्षकाखाली येते. जकात अधिकाऱ्याच्या लेखी ही सारी एका कुळातील भावंडे आहेत. रस्त्यावर मात्र त्यांच्यात केवढे अंतर आहे, ते दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे येणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहून पाहावे.

मी ते नगर-पाथर्डी रस्त्यावर अनेक वर्षे पाहिले आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. त्यांत धान्याची पोती, पत्र्याच्या पेट्या, चूल, खोपीचे सामान, एखादी शेळी, आणि या साऱ्याच्या वर माणसे: कोयता घेऊन निघालेली जोडपी, मांडीवर तान्ही मुले, कडेला लटकणारी पोरे, कधी सहा-सात महिन्यांची गरोदर बाई. बीडहून, पाथर्डीहून, धाराशिवहून निघालेला हा प्रवास सांगली-कोल्हापूरपर्यंत, कधी कर्नाटकातही जातो, आणि बहुधा रात्रीच होतो. मागचा दिवा असला तर असला. परावर्तक पट्टी असली तर असली. ट्रॉलीला ब्रेक आहे काय, हे विचारणारा मनुष्य वेडा ठरेल. जोड निसटला तर ट्रॉली थांबवणारी ती पोलादी तार येथे कोणी स्वप्नातही पाहिलेली नाही. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'ट्रॉली उलटून मजूर ठार' अशी चार ओळींची बातमी येते, आणि पुढच्या वर्षी तशीच पुन्हा येते.

येथे आपले विरोधक तीन आक्षेप घेतील. ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, ज्याचा पैसा त्याचा घोडा. त्याने आपल्या पैशाने ट्रेलर आणला तर ऊसतोड मजुराचे काय हिरावले गेले? प्रत्यक्ष हिरावले गेले नाही, हे मी मान्य करतो. त्या ट्रेलरची किंमत वाचली असती तर ती मजुराच्या खिशात गेली असती, असे मानण्याइतका मी भोळा नाही. माझा मुद्दा पैसा कोणाचा हा नाही. सजीव देहाची सुरक्षित वाहतूक कशी करावी, हे या समाजाला ठाऊक आहे काय, हा माझा मुद्दा आहे. तो ट्रेलर हा 'होय, ठाऊक आहे' याचा चालताबोलता पुरावा आहे. म्हणजे मजुराच्या बाबतीत आपण जे करतो ते अज्ञानापोटी नव्हे.

दुसरा आक्षेप प्राणिमित्रांचा: तुम्ही घोड्याच्या सुखावर जळता काय? मुळीच नाही. घोड्याला हाल सोसावे लागू नयेत, ही संस्कृतीची खूण आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम केले. ते प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा वाचावेत. घोडा प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा. गाभण आणि लहान जनावरे इतरांत मिसळू नयेत. मालमोटारीतून नेताना दोन जनावरांच्या मध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा. एका गाडीत चार ते सहांहून अधिक घोडे नकोत. घोडा बुजू नये म्हणून त्याचे तोंड डावीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर असावे. गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरहून अधिक नसावा. किती विचारपूर्वक लिहिलेले नियम आहेत हे! गाभण घोडीला जे संरक्षण कागदावर का होईना मिळाले आहे, ते गरोदर ऊसतोड बाईला कोणत्या नियमात मिळाले आहे? घोड्याचे नियम रद्द करा, अशी मागणी मी करीत नाही. ते नियम आपल्याला लाजवतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप जरा कायदेशीर वळणाचा: मालवाहनातून माणसे नेण्यास बंदी आहेच की! आहे. आणि ती बंदी मजुराच्याच विरुद्ध वापरली जाते. ट्रॉली उलटली की विमा कंपनी उत्तर देते की मृत इसम मालवाहनातील बेकायदा प्रवासी होता, सबब आमची जबाबदारी नाही; आणि न्यायालयांच्या निकालांत या भूमिकेला पुष्कळदा आधारही सापडतो. म्हणजे ज्याला दुसरे वाहनच दिले नाही, त्याचा गुन्हा असा की तो या वाहनात बसला. शर्यतीच्या घोड्याचा मात्र प्रवासासकट विमा उतरवता येतो.

असे का व्हावे? याला कोणा एकाची दुष्टाई कारण नाही. कारण आर्थिक आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय आपला राग वाफेसारखा विरून जाईल. घोडा ही मालकाची स्थिर मालमत्ता आहे. त्याचा पाय मोडला तर लाखो रुपयांचे नुकसान थेट मालकाच्या खतावणीत उतरते. म्हणून ट्रेलर, चटई, दांडे, तार यांवरचा खर्च त्याला परवडतो. किंबहुना न करणेच परवडत नाही. ऊसतोड मजूर कोणाचीच मालमत्ता नाही. त्याला मुकादमाने उचल देऊन हंगामापुरते बांधून आणलेले असते. तो रस्त्यात मेला तर मुकादम दुसरा कोयता शोधतो, कारखान्याचे गाळप एक दिवसही थांबत नाही, आणि नुकसान उरते ते त्याच्या विधवेच्या व मुलांच्या पदरी. वर उचलीची फेड त्यांच्याच मानेवर. गुलामगिरीच्या काळी मालक गुलामाला निदान मालमत्ता म्हणून जपत असे, असे एक कटू वाक्य अर्थशास्त्राचे विद्यार्थी ऐकत आले आहेत. मुक्त मजुराच्या नावाने ज्याला आपण ओळखतो, त्याला जपणे हे कोणाच्याच हिशेबात बसत नाही. ज्या धोक्याची किंमत तो निर्माण करणाऱ्याला मोजावी लागत नाही, तो धोका कधीही कमी होत नाही. सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

कायद्याने ही किंमत मोजायला लावता आली असती. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कामगाराला जाण्यायेण्याच्या भाड्याइतका प्रवासभत्ता देण्याची तरतूद होती. पण नावाप्रमाणेच तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडचा मजूर बेळगावला गेला तर तो स्थलांतरित, आणि कोल्हापूरला गेला तर नव्हे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा इतिहासजमा झाला; पण नव्या संहितेतही प्रवासभत्ता आंतरराज्य स्थलांतरितांपुरताच राहिला. चार दशकांहून अधिक काळ लोटला, तरी राज्यातल्या राज्यात होणारे हे विराट स्थलांतर प्रवासभत्त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

घोड्यांच्या जगातही असेच वर्ग आहेत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. भीमेच्या काठावरचे भीमथडी तट्टू एके काळी मराठ्यांच्या फौजा वाहत होते. आज ते धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊनपावसात चालते. स्वतंत्र जात म्हणून त्याची अधिकृत नोंद व्हायला २०२३-२४ साल उजाडावे लागले. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टे मिळून ३ लाख ४० हजारांच्या घरात भरली. २०१२ च्या मानाने ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. वीटभट्टीवरील खेचराला आणि गाढवाला ट्रेलर नाही, पशुवैद्यही क्वचितच. यावरून स्पष्ट व्हावे की ट्रेलर घोड्याला मिळत नाही. तो भांडवलाला मिळतो.

आता कर्तव्याकडे वळू. मला अप्रिय वाटणारी, पण सांगणे भाग असलेली एक गोष्ट आधी सांगतो. पन्नासच्या दशकाच्या उंबरठ्यावर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ती नव्या समाजरचनेची पहाट वाटली. शेतकरी मालक झाला, ही गोष्ट लहान नव्हती. परंतु त्या सहकारात ऊस पिकवणारा सभासद झाला; ऊस तोडणारा बाहेरच राहिला. आपले काही मित्रही अशा कारखान्यांच्या संचालक मंडळांवर बसले. ट्रॉल्या त्यांच्याही दारात येत होत्या. त्या वेळी आपण बोललो नाही. आज परदेशी ट्रेलरवर तोंडसुख घेणे सोपे आहे, कारण तो दुसऱ्याचा आहे. ट्रॉली आपलीही आहे.

कारखान्याला परवडणार नाही, हे नेहमीचे तुणतुणे. हिशेब करू. समजा, एक कोयता, म्हणजे एक जोडपे, दिवसाला दोन टन ऊस तोडते आणि हंगाम १२० दिवस चालतो. एकूण २४० टन. समजा, त्या जोडप्याचा आणि मुलांचा बसचा जाण्यायेण्याचा खर्च, सामानाच्या वेगळ्या गाडीचा वाटा धरून, ४,८०० रुपये आला. टनामागे पडले २० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरला. त्याच्याशी हे प्रमाण एक टक्काही होत नाही. अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक होते. माझे आकडे कोणी दुप्पट करावेत, तरी ते सव्वा टक्क्याच्या आतच राहतील. शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो. त्या खर्चात ऊस सुखरूप कारखान्यात पोहोचवण्याची तजवीज असते. तोडणारा सुखरूप फडात पोहोचावा, यासाठीचा रकाना मात्र त्या कागदावर माझ्या पाहण्यात नाही. आणि हा बोजा छोट्या ऊस उत्पादकाच्या बिलातून कापून घेण्याची पळवाटही ठेवता कामा नये. तो साखर आणि तिच्या उपपदार्थांच्या उत्पन्नातून कारखान्याने सोसला पाहिजे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक हंगामापूर्वी साखर आयुक्त कारखान्यांना गाळप परवाना देतात. शेतकऱ्यांची देणी थकली तर हा परवाना अडवता येतो, हे आपण पाहिले आहे. मग त्याच परवान्याला आणखी एक अट जोडावी: मजुरांना गावापासून फडापर्यंत आणि परत नेण्यासाठी प्रवासी वाहनाची व्यवस्था केल्याचा पुरावा. आषाढीला पंढरपूरसाठी एस. टी. महामंडळ जादा गाड्या सोडते. तशाच दसऱ्यानंतर बीड, पाथर्डी, धाराशिवहून सोडाव्यात आणि त्यांचे भाडे कारखान्यांनी भरावे. निघण्याच्या दिवसापासून परतण्याच्या दिवसापर्यंत प्रत्येक मजुराचा अपघात विमा कारखान्याच्या खर्चाने असावा, आणि तो कोणत्या वाहनात बसला होता या सबबीवर नाकारता येऊ नये. राज्यांतर्गत स्थलांतरितांना प्रवासभत्त्याचा हक्क राज्याने कायद्याने द्यावा. आणि ऊस वाहणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला ब्रेक, मागचे दिवे आणि सुटल्यास थांबवणारी तार असल्याशिवाय तिने कारखान्याच्या काट्यावर चढू नये. ही तार काही अणुविज्ञान नव्हे. सांगली-बारामतीचा कारागीर ती एका दिवसात बसवून देईल. परदेशातून आणायचीच असेल, तर पेटी आणू नये. त्या पेटीमागचा नियम आणावा. त्यावर जकात नाही आणि जहाजाचे भाडेही नाही.

जिल्हा समित्यांनी हे काम दसऱ्याआधी हाती घेतले पाहिजे. ट्रॉली उलटल्यावर शोकसभा भरवणे म्हणजे वरातीमागून घोडे. ज्या गावांतून कोयते निघतात तेथे नावांची यादी करावी, ज्या कारखान्यांकडे ते जातात तेथील कामगार संघटनांना ती कळवावी, आणि निघण्याच्या रात्री रस्त्यावर आपली माणसे उभी असावीत. ट्रॅक्टर अडवून मजुराची मजुरी बुडवण्यासाठी नव्हे. बस आल्याशिवाय मुकादमाला हलू न देण्यासाठी.

माझ्या विद्यार्थ्याला मी आता इतकेच कळवणार आहे: तुझ्या अशिलाचा ट्रेलर येऊ दे, त्यावरचा प्रत्येक पैसा कर वसूल होऊ दे. फक्त तो बंदरातून बाहेर पडेल तेव्हा त्याच्या रबरी चटईचा, छातीसमोरच्या दांड्याचा आणि त्या पोलादी तारेचा एक-एक फोटो मला पाठव. साखर आयुक्तांकडे जे निवेदन द्यायचे आहे, त्याला ते जोडायचे आहेत.